बोलक्या रेडिओचा दिवस कसा बांधावा

दिवसभर नुसता बोलण्याचा रेडिओ चालवायचा तर गाण्याचा आधार नसतो. गाणं मध्येच हळूहळू मिटवता येतं, नाटकातला शेवटचा संवाद मिटवता येत नाही. म्हणूनच असा दिवस बिघडतो तो बहुधा दोन कार्यक्रमांच्या सांध्यात. आखणी करताना सगळ्यात जास्त वेळ या सांध्यांना द्या.

आधी हलवता न येणाऱ्या वेळा कागदावर मांडा. त्या म्हणजे बातमीपत्रं. मग नाटक बसवा, कारण त्याची लांबी ठरलेली असते. मुलाखत, चर्चा, श्रोत्यांचे फोन हे ताणता-आवळता येणारे कार्यक्रम उरलेल्या जागेत घाला. फक्त थेट चर्चेनंतर लगेच नाटक लावू नका. चर्चा दोन मिनिटं लांबली की नाटक दोन मिनिटं उशिरा सुरू होतं आणि पुढच्या बातम्यांवर जाऊन आदळतं. मध्ये पाचेक मिनिटांचं ध्वनिमुद्रित भाषण ठेवा, वेळ चुकली तर ते गाळता येतं.

आता उलटी मोजणी. दुपारी २ वाजता बातम्या आहेत आणि नाटक २७ मिनिटं ४० सेकंदांचं आहे. बातम्यांपासून मागे या: ५ सेकंद शांतता, १० सेकंद केंद्राची ओळख, २० सेकंद पुढच्या कार्यक्रमांची माहिती, ३५ सेकंद रात्रीच्या कार्यक्रमाची जाहिरात, कलाकारांची नावं ३५ सेकंद, त्याआधी नाटक संपल्यावर ५ सेकंद विराम. म्हणजे नाटक १ वाजून ५८ मिनिटं १० सेकंदांनी संपलं पाहिजे आणि बरोबर १ वाजून ३० मिनिटं ३० सेकंदांनी सुरू झालं पाहिजे. कार्यक्रमाची वेळ दीडची धरली, तर प्रस्तावनेला ३० सेकंद मिळाले. निवेदकाने ती ४५ सेकंदांची लिहून आणली असेल, तर ती आत्ताच कापा. माइकसमोर बसून कापायची वेळ आणू नका. उशीर झालाच, तर आधी जाहिरात सोडा, मग पुढची माहिती. कलाकारांची नावं शेवटपर्यंत राखा, तो त्यांचा हक्क आहे.

बातमीपत्राचं गणित शब्दांत करा. आपला वाचनाचा वेग घड्याळ लावून मोजा. तो मिनिटाला ११० शब्द निघाला, तर पाच मिनिटांच्या बातमीपत्रात सुरुवातीचे ठळक मुद्दे आणि शेवट यांचं एक मिनिट वजा जाता ४४० शब्द उरतात. एका बातमीला ५० शब्द धरले तर आठ बातम्या, आणि नववी राखीव हाताशी ठेवा.

मराठी बातमीची खरी अडचण शेवटी येणारं क्रियापद. हे वाक्य मोठ्याने वाचून बघा: ‘धरण क्षेत्रात गेल्या चोवीस तासांत झालेल्या मुसळधार पावसामुळे पाणीपातळीत वाढ झाल्याने खबरदारीचा उपाय म्हणून आठ दरवाजे उघडण्यात आले असल्याची माहिती जलसंपदा विभागाकडून देण्यात आली.’ नेमकं काय झालं ते कळेपर्यंत ऐकणाऱ्याला अर्धं वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्याला मागे जाऊन वाचता येत नाही. म्हणून असं लिहा: ‘धरणाचे आठ दरवाजे उघडले आहेत. गेल्या चोवीस तासांत धरण क्षेत्रात मुसळधार पाऊस झाला आणि पाणी वाढलं. खबरदारी म्हणून पाणी सोडल्याचं जलसंपदा विभागाने सांगितलं.’ आकडे जमेल तिथे ढोबळ करून सांगा.

चर्चेत सूत्रधार सोडून तीनच माणसं घ्या, चौथा पाहुणा आला की कुणाचा आवाज कोणता हे लक्षात राहत नाही. दर चार-पाच मिनिटांनी नावं पुन्हा सांगा, कारण श्रोते मधूनच येऊन मिळत असतात.

नाटकाकडे जास्त लक्ष लागतं. पात्रांचे आवाज एकमेकांपासून वेगळे निवडा आणि पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येकाचं नाव कुणाच्या तरी तोंडी येऊ द्या. नट माइकपासून वीतभर अंतरावर, किंचित कडेला उभा राहू द्या. थेट समोर बोलल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा धपका बसतो. मनातलं बोलणं जवळून, भांडण हातभर लांबून. पात्र खोलीतून बाहेर जाताना नटाने खरंच मागे सरकावं. फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला तर आवाज बारीक होतो, पण लांब गेलेला वाटत नाही. संहिता एका बाजूला छापा, पानं टाचू नका आणि वाक्य पानाच्या शेवटी तोडू नका, नाहीतर ऐन रडण्याच्या प्रसंगी कागद सळसळतो.

ध्वनिमुद्रण संपलं की सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची मिनिटभर शांतता मुद्रित करा. नाटकातल्या विरामाखाली हीच अंथरायची. पूर्ण कोरी शांतता दिली तर श्रोत्याला केंद्र बंद पडल्यासारखं वाटतं. शिवाय शांतता ओळखून राखीव ध्वनी सुरू करणारं यंत्र अनेक केंद्रांवर असतं. ते किती सेकंदांवर लावलंय हे विचारून घ्या आणि नाटकातला सगळ्यात लांब विराम त्याच्या आत ठेवा.

आवाजाची पातळी दिवसभर एकच हवी. प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा जोर मोजायचं एकक) हे प्रचलित माप आहे. नाटकाची सरासरी या मापात बसली तरी कुजबुज ऐकू येईलच असं नाही, कारण आरडाओरडा सरासरी वर ओढतो. म्हणून अंतिम मिश्रण एकदा छोट्या स्पीकरवर, शेजारी पंखा लावून ऐका.

रात्री नाटक पुन्हा लावणार असाल, तर प्रस्तावनेत ‘आज दुपारी’ असे शब्द नकोत.

शेवटी क्यू शीट, म्हणजे कोणत्या खुणेवर पुढचं काय सुरू करायचं याची यादी. प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे लांबी, शेवटचे चार शब्द आणि त्यानंतर काय वाजतं ते लिहा. तेच शब्द आधी कुठे आले असतील तर तेही नोंदवा: ‘येतो मी. काळजी घे – दुसऱ्यांदा, नंतर दार लागल्याचा आवाज.’ ही नोंद करायची राहून गेली, तर पहिल्याच ‘काळजी घे’ला निवेदक माइक उघडतो.