वॉक-इन शॉवरसाठी ओपन पाईप फिटिंग: टाईल लावायच्या आधी काय काय ठरवायचं

आमची बिल्डिंग सदाशिव पेठेतली, जुनी, बाथरूमची मधली भिंत साडेचार इंची. आईचे गुडघे बोलायला लागले तेव्हा उंबरा काढून वॉक-इन शॉवर करायचं ठरलं. साडेचार इंची भिंतीत पाईप गाडायला दीड इंचाची झिरी (खाच) मारली की तिसरा हिस्सा जाडी गेली, आणि मागच्या वेळी एका प्लंबरने टाईलमागे जो जोड गाडून ठेवला होता तो गळून खालच्यांच्या छताला ओल आली, गळती शोधायला अर्धी भिंत फोडली. म्हणून यावेळी सगळे पाईप भिंतीवरून, प्रत्येक जोड डोळ्यासमोर.

प्लंबरला बोलवायच्या आधी मास्किंग टेप आणा आणि पाईप जिथून जाणार तिथे भिंतीवर टेप लावा, मग जो माणूस रोज आंघोळ करणार त्याला कोरड्या बाथरूममध्ये उभं करा, बसवा, उठवा. मी आईला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं आता ऊठ. उठताना तिचा उजवा हात सरळ भिंतीकडे गेला, आणि पडला तो नेमका गरम पाण्याच्या टेपवर! गिझर 60 अंशाला ठेवला असेल तर त्या पाण्याने काही सेकंदात भाजतं, पाईपही चांगलाच तापतो, आणि आधारासाठी धरला तर क्लॅम्पसकट उपटून हातात येणार. त्या जागी आता स्टीलचा ग्रॅब बार आहे, जमिनीपासून 34 इंचावर, आणि पाईप समोरच्या भिंतीवर गेले. ओपन फिटिंगमध्ये जे दिसतं ते माणूस धरतोच, त्यामुळे आधी हाताची जागा ठरवा आणि मग पाईपची.

आता मापं. वॉल मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाच्या, दोन तोंडांमधलं अंतर 6 इंच, समोर उभं राहिलं की गरम डावीकडे, थंड उजवीकडे. गिझर उलट्या बाजूला असेल तर पाईप एकमेकांवरून न्यावे लागतात, ते क्रॉसिंग वर गिझरजवळच उरकून घ्या, खाली तोंडासमोर नको. मिक्सर साधारण 3 फुटावर, वरचा शॉवर 7 फुटाच्या आसपास, पण ही मापं तयार फरशीपासून घ्यायची हं, कारण ढाळ काढताना फरशी वर येते आणि जुन्या फरशीवरून मोजलेलं सगळं चुकतं. मिक्सर शक्यतो आत शिरायच्या बाजूला घ्या, म्हणजे बाहेर उभं राहूनच पाणी कोमट करता येतं, थंड पाण्याची पहिली धार अंगावर येत नाही.

प्रेशरचा हिशोब सोपा आहे, टाकीतलं पाणी शॉवरच्या 10 मीटर वर असेल तर साधारण 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर मिळतं. आमचा मजला सगळ्यात वरचा, टाकी जेमतेम साडेतीन मीटर वर, म्हणजे साधारण एक तृतीयांश किलो, त्यावर मोठ्ठा रेन शॉवर घेतला असता तर नुसता ठिबकला असता. आम्ही हँड शॉवर आणि छोटा वरचा शॉवर घेतला, मिक्सरपर्यंत पाऊण इंची पाईप आणला आणि शेवटी अर्धा इंच केला, एल्बो, म्हणजे काटकोनी वळणाचे जोड, जितके कमी तितके बरे.

पाईप कुठला? तांबं दिसायला सुंदर, पण त्याचं ब्रेझिंग (तापवून धातूने सांधणं) जमणारा माणूस शोधावा लागतो, एसीवाले करतात ते, आणि काळं पडलं की पितांबरीने घासत बसा. आम्ही सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा पाईप, घेतला. तो गरम पाण्याने लांबतो, मीटरभर पाईप 40 अंश तापला तर अडीच-पावणेतीन मिलिमीटर, म्हणून क्लॅम्प घट्ट आवळायचे नाहीत, पाईप आत सरकला पाहिजे. आडव्या पाईपला दर 2 ते 3 फुटाला क्लॅम्प, आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, नाहीतर मागे साबणाचा आणि क्षाराचा थर बसतो आणि फडकं आत जात नाही. गिझरच्या तोंडाला सीपीव्हीसी थेट जोडू नका, मध्ये धातूचा कनेक्शन पाईप घ्या.

सगळ्यात जास्त भांडून घ्यायची गोष्ट म्हणजे मिक्सरचा आधार. ओपन फिटिंगमध्ये मिक्सर भिंतीत रुतलेला नसतो, तो नुसत्या पाईपवर टांगला तर महिनाभरात हलायला लागतो आणि आटे गळतात. स्क्रू मारायला कान असलेला ब्रास एल्बो मिळतो, तो दोन्ही तोंडांना लावून भिंतीत पक्का बसवून घ्या. स्क्रूचं प्रत्येक भोक वॉटरप्रूफिंगमधून जातं, त्यात आधी सिलिकॉन भरा आणि मगच स्क्रू. जमिनीला भोक नाहीच.

फरशीचा ढाळ नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे), 4 फुटाला पाऊण इंच तरी. टाईल बसल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा, कोपऱ्यात थांबलं तर मिस्त्रीला तेव्हाच सांगा.

सीपीव्हीसीच्या जोडांना सॉल्व्हंट (चिकटवायचं द्रावण) लावल्यावर एक दिवस पाणी सोडू नका. मग तोंडं बंद करून प्लंबरकडच्या हातपंपाने प्रेशर द्या, काटा उतरतो का बघा, आणि नंतर गिझर चालू करून गरम पाण्यानेही. आमचा एक जोड थंड पाण्याला कोरडा होता आणि गरम पाणी सोडल्यावर दहा मिनिटांनी त्याच्या खाली एक थेंब लोंबायला लागला. भिंत न फोडता तो अर्ध्या तासात बदलून झाला.