कोपरा खाली झाला की कोण जाणार? कॉलेज कबड्डीत हायब्रीड डिफेंडर असा वापरा

हायब्रीड म्हटलं की आपल्याकडे खान्देशात आधी कपाशीचं नाहीतर ज्वारीचं बियाणं आठवतं, पण मी बोलतोय कबड्डीतल्या गड्याबद्दल. कोपऱ्यात पण बसतो आणि कव्हरला, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, पण चालतो, घोटा धरतो आणि वेळ आली तर अंगावर जाऊन धडक मारून चढाईवाल्याला बाहेर पण काढतो, असा पोरगा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेज टीममध्ये अशी पोरं असतात हो, मी दरवर्षी बघतो, पण त्यांना "अष्टपैलू" म्हणून टाकतात आणि कुठे तरी सेंटरला उभं करून विसरून जातात, आणि मग मॅच तिथेच जाते.

आमची एक मॅच अशीच गेली. शेवटची 4-5 मिनिटं, आम्ही पुढे, आणि लेफ्ट कॉर्नर आऊट झाला. मॅटवर राहिले चार. कोपऱ्यात जायला कोणी तयार केलेलाच नव्हता म्हणून राइट कव्हरवाल्याला मी ओरडून तिकडे पाठवला, पोरगा बिचारा गेला, पण लॉबीची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याची, सवय नसल्याने चढाईवाला जवळ आला तसा मागे सरकला आणि सरळ लॉबीत पाय. टच नाही, झटापट नाही, पोरगा आऊट. राहिले तीन आणि बघता बघता सगळे आऊट होऊन लोण चढला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण चूक त्या पोराची नव्हतीच, त्याला ती जागा मी कधी शिकवलीच नव्हती.

त्यानंतर मी मोबाईलवर अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल बघायला लागलो. ते आपलं पायाचं फुटबॉल नाही, लांबट चेंडूचं, 11-11 जणांचं. तिकडे डिफेन्सची कामं वाटलेली असायची, पुढे धिप्पाड लाइनमन, मधे लाइनबॅकर, मागे पळणारे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. मग अटॅकवाल्या टीम मैदानभर पसरून खेळायला लागल्या आणि गडी न बदलता एकामागे एक डाव टाकायला लागल्या, म्हणजे समोरच्याला जड माणूस काढून चपळ माणूस घालायला वेळच मिळेना. त्याच्यावर टीसीयू नावाच्या युनिव्हर्सिटीच्या गॅरी पॅटरसन या कोचने 4-2-5 ची रचना नावारूपाला आणली, लाइनबॅकर दोनच ठेवायचे आणि मागचे पळणारे पाच. आता त्या पाचातला एखादा जर लाइनबॅकरसारखा भिडणारा असेल तर त्याला बाहेर काढायची गरजच पडत नाही. क्लेमसन युनिव्हर्सिटीचा आयझाया सिमन्स बघा, 2019 मध्ये त्याला देशातल्या सगळ्यात चांगल्या लाइनबॅकरचं बटकस अवॉर्ड मिळालं आणि तो खेळायचा कुठे तर कधी लाइनबॅकर, कधी सेफ्टी, कधी बाजूला जाऊन पास झेलणाऱ्या रिसीव्हरवर.

हे बघताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की आपल्याकडे पण तोच प्रॉब्लेम आहे. आऊट झालेल्या गड्याच्या जागी राखीव गडी घालता येत नाही. चढाई 30 सेकंदांची आणि एक चढाई संपली की 5 सेकंदांत पुढची. म्हणजे तुमचा कोपरा गेला तर जे मॅटवर आहेत त्यातूनच कोपरा उभा करायचा, आणि तो पण लगेच. म्हणून हायब्रीडचा खरा उपयोग सात जण असताना नाही, पाच किंवा त्याहून कमी राहतात तेव्हा आहे. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

आता पोरगा निवडायचा कसा. माझं मत असं की कव्हरचा कोपरा करण्यापेक्षा कोपऱ्याचा कव्हर करणं सोपं जातं. कोपऱ्यात बसणाऱ्याला थांबायची सवय असते, तो चढाईवाल्याचा पाय बघत बसतो, बोनसला, म्हणजे मागची रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा पॉइंटसाठी, पाय गेला किंवा टाच मागे राहिली की मग घोटा. कव्हरवाल्याची सवय उलटी, त्याला पुढे घुसायचं असतं, ब्लॉक नाहीतर धडक. घुसणाऱ्याला थांबायला शिकवायला वर्ष जातं, थांबणाऱ्याला धडक शिकवायला दोन-तीन महिने पुरतात. ताकदीची काळजी नका करू, रावेर-यावलकडची पोरं केळीचे घड खांद्यावर वाहून कंबरेने इतकी मजबूत असतात की त्यांना धडकेचा अँगल तेवढा दाखवायचा. वजनावर मात्र लक्ष ठेवा, पुरुष गटाची मर्यादा 85 किलो आणि महिलांची 75, आणि हायब्रीड गडी फार जड झाला तर कोपऱ्यात खाली बसून उठताना उशीर करतो.

दुसरं, एकाच बाजूचा हायब्रीड करा. लेफ्ट कॉर्नर आणि लेफ्ट कव्हर, किंवा राइट कॉर्नर आणि राइट कव्हर. लेफ्टच्या पोराला राइट कोपऱ्यात टाकलं की पाय उलटे पडतात, लॉबीची रेष दुसऱ्या हाताला येते, नजर फसते. एक सीझन एका बाजूचं पक्कं होऊ द्या, मग पुढच्या वर्षी बघू.

लॉबीचं तर मी रोज सांगतो. झटापट सुरू होईपर्यंत लॉबी आपली नाही, टच झाल्यावरच ती खेळात येते, त्याच्या आधी पाय पडला तर डिफेंडर आऊट. कव्हरला उभा असलेल्याला ह्याचा कधी विचारच करावा लागत नाही कारण लॉबी त्याच्यापासून लांब असते. म्हणून हायब्रीडला पहिले पंधरा दिवस पकड शिकवूच नका, नुसतं कोपऱ्यात उभं करा आणि चढाईवाल्याला त्याच्यासमोर फिरू द्या, त्याने रेष न बघता ती कुठे आहे हे पायाला कळेपर्यंत. आम्ही मातीच्या ग्राऊंडवर फक्की मारतो तेव्हा लॉबीच्या रेषेच्या आत एक वीतभर अंतरावर सुतळी पुरून टाकतो, टाचेला सुतळी लागली की पोरगा आपोआप पुढे येतो. तीन आठवड्यांनी सुतळी काढायची.

आता मुख्य गोष्ट, जागांचा कागद. एक साधा कागद घ्या आणि त्याच्यावर लिहा की कोण आऊट झाला तर कोण कुठे सरकणार. सात आणि सहा जण असताना बोनस चालू असतो, म्हणजे चढाईवाला बोनससाठी खोल पाय टाकणार, तेव्हा तुमचे दोन्ही पक्के कोपरे कोपऱ्यातच हवेत आणि हायब्रीड कव्हरला. इथे हायब्रीडला एक सक्त ताकीद द्या, सात जण असताना पुढे जाऊन एकट्याने पकड करायची नाही. तो गेला तर दोन जागा गेल्या, कव्हर पण गेला आणि कोपऱ्याचा पर्याय पण गेला. पोरांना हे पटत नाही, त्यांना पॉइंट घ्यायचा असतो, पण समजावून सांगा.

पाच झाले की बोनस बंद. आता चढाईवाल्याला टचच करावा लागतो नाहीतर मधली 'निदान रेषा' (बॉक लाइन) ओलांडून रिकामं परत जावं लागतं. त्या बाजूचा कोपरा आऊट असेल तर हायब्रीड कोपऱ्यात, नसेल तर तो कव्हरलाच पण एक पाऊल पुढे, कारण आता मागे खोल बसून बोनस वाचवायचा नाहीये. चार झाले तर दोन कोपरे आणि मधे दोन, ह्या मधल्या दोघांत एक हायब्रीड असलाच पाहिजे. तीन झाले की अव्वल पकडीचा चान्स, एक पॉइंट जास्तीचा. तीन जणांत मी दोन्ही कोपरे ठेवतो आणि हायब्रीडला मधोमध, कारण पहिली पकड ज्या कोपऱ्याने केली त्या कोपऱ्याकडे त्याने झेप घ्यायची. अशा वेळी नुसता कव्हर असेल तर तो समोरून ब्लॉक करायला जातो आणि चढाईवाला त्याच्यावरून उडी मारून जातो, हायब्रीड मात्र खाली वाकून कंबर किंवा मांडी धरतो कारण त्याला खाली जायची सवय आहे. हा फरक मी डोळ्याने बघितलाय म्हणून इतकं खात्रीने लिहितोय.

कागदावर अजून एक रकाना ठेवा, परत कोण येणार त्याचा. गडी ज्या क्रमाने आऊट झाले त्याच क्रमाने जिवंत होतात. म्हणजे पहिला जर तुमचा लेफ्ट कॉर्नर आऊट झाला असेल तर तुम्ही समोरचा पहिला गडी आऊट केला की तो परत येणार, मग हायब्रीडने परत कव्हरला जायचं हे आधीच ठरलेलं पाहिजे. नाहीतर होतं काय की दोघं एकाच कोपऱ्यात उभे आणि एकमेकांकडे बघतायत, "आते मी कोठे जाऊ?" आणि तेवढ्यात समोरचा दम भरून मध्यरेषा ओलांडतो. हे बाकड्यावर बसलेल्या एका पोराला काम द्या, तो क्रम लिहीत राहील आणि ओरडून सांगेल.

सराव असा घ्या. सात जण उभे करा, शिट्टी मारा, एक नाव घ्या, तो पोरगा बाहेर, आणि बाकीच्यांनी 5 सेकंदांच्या आत कागदाप्रमाणे जागा घ्यायच्या, आणि लगेच चढाईवाला सोडा. मग दुसरं नाव. असं सातापासून तीनापर्यंत. सुरुवातीला गोंधळ होतो, पोरं एकमेकांवर आदळतात, बोलू द्या त्यांना, "भो, कोपरा खाली शे!" असं ओरडू द्या, पण महिन्याभराने तोंड बंद, फक्त नजरेने आणि हाताने. मॅचमध्ये ओरडलं की समोरच्या चढाईवाल्याला पण कळतं कुठे भगदाड आहे. आणि आठवड्यातून दोन दिवस सराव चारापासूनच सुरू करा, सात जणांचा करूच नका. आपल्या टीम सात जणांचा सराव रोज करतात आणि मॅच हरतात चार जणांत.

एकट्या हायब्रीडसाठी वेगळा अर्धा तास लागतो, वीस घोटा पकड कोपऱ्यातून, लगेच वीस धडका कव्हरवरून, मधे आराम नाही, कारण मॅचमध्ये त्याला एका मिनिटात दोन्ही करावं लागतं. एप्रिल-मे मध्ये हे सकाळी सातच्या आत उरका, आपल्याकडचं ऊन 44-45 पर्यंत जातं, दुपारी पोराला ग्राऊंडवर उभं करणं हा गुन्हाच आहे. आणि मातीवर शिकलेला घोटा मॅटवर सुटतो, मॅटवर पायात शूज असतात, पकड जरा वर नडगीवर घ्यावी लागते, तर जमेल तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन मॅटवर सराव करा, एसटीचे पैसे वाया नाही जाणार.

मुलींच्या टीमला तर हे अजून लवकर जमतं. त्यांचं मैदान 12 बाय 8 मीटर, पुरुषांचं 13 बाय 10, रुंदी कमी म्हणजे कोपरा आणि कव्हर मधलं अंतर कमी, एका पावलात जागा बदलते. मुलींच्या टीममध्ये मी दोन हायब्रीड ठेवायला सांगेन, डावीकडे एक उजवीकडे एक.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, हायब्रीडच्या नादात चांगला कोपरा मोडू नका. प्रो कबड्डीच्या सहाव्या सीझनला नितेश कुमारने राइट कॉर्नरला बसून पकडींचे 100 पॉइंट घेतले, तोपर्यंत एका सीझनमध्ये कोणालाच जमलं नव्हतं, आणि तो एका जागेचाच राजा होता. असा पोरगा तुमच्याकडे असेल तर त्याला हलवू नका, त्याच्या बाजूला हायब्रीड उभा करा. आणि इराणचा मोहम्मदरझा शादलुई बघा, लेफ्ट कॉर्नर ही त्याची पक्की जागा, तिथे तो आधी जबरदस्त झाला आणि मग चढाया पण करायला लागला. सिमन्सचं तिकडे उलटं झालं, 2020 ला एनएफएल या तिकडच्या व्यावसायिक लीगमधल्या अॅरिझोनाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला आठव्या नंबरवर घेतलं, त्याची जागा काही नीट बसली नाही आणि 2023 ला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. म्हणून माझ्या टीममध्ये प्रत्येक हायब्रीडचं एक घर ठरलेलं असतं, दुसरी जागा पाहुण्यासारखी. "सर, मनं काम काय शे?" असं पोराने विचारलं तर उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे: तू लेफ्ट कॉर्नर आहेस, आणि कोपऱ्यात भाऊ असेल तेव्हा लेफ्ट कव्हर.

मॅचच्या दिवशी टाइमआऊट जपून वापरा, एका हाफला दोन मिळतात, 30-30 सेकंदांचे. मी एक टाइमआऊट नेहमी त्या वेळेसाठी राखून ठेवतो जेव्हा आपण पाचावरून चारावर येतो. पोरांना जवळ बोलवायचं, भाषण नाही, पाणी प्यायला द्यायचं, हायब्रीडच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बोटाने जागा दाखवायची आणि दोन्ही कोपऱ्यांना विचारायचं, हा कुठे उभा आहे सांगा. दोघांनी बरोबर सांगितलं की परत पाठवायचं.