कठीण काळात होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबाने कृतज्ञतेचा सराव कसा करावा

घरात मोठे आजारपण आले, नोकरी गेली किंवा जवळचे माणूस दुरावले की होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या कुटुंबाची कोंडी वेगळीच होते. शाळेत जाणाऱ्या मुलाला दिवसातले काही तास तरी त्या ताणापासून दूर राहता येते. आपल्याकडे मात्र ज्या टेबलावर थकलेल्या बिलांचा हिशेब मांडलेला असतो त्याच टेबलावर मुले गणिते सोडवतात, आणि रात्रभर जागलेली व्यक्तीच सकाळी शिकवायला बसते. अशा घराला ‘रोज पाच चांगल्या गोष्टी लिहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो आठवडा-दोन आठवड्यांत यांत्रिक होतो.

सर्वप्रथम वेळापत्रक हलके करावे: वाचन आणि गणित चालू ठेवून बाकीचे विषय खुशाल पुढे ढकलावेत. त्यानंतर कृतज्ञतेच्या कौटुंबिक बैठकीसाठी आठवड्यातला एक ठरावीक दिवस आणि पंधरा-वीस मिनिटे निश्चित करावीत. रोजचा हट्ट धरू नये. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या प्रयोगात सहा आठवड्यांनंतर समाधान वाढलेले दिसले ते कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांमध्ये. आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांमध्ये तसे दिसले नाही.

बैठकीची सुरुवात तक्रारींनी करावी. या आठवड्यात काय वाईट गेले हे प्रत्येकाने सांगावे आणि त्यावर कोणी उपाय सुचवू नये. मोठ्यांनीही मुलांच्या वयाला झेपेल इतके खरे बोलावे. ‘सध्या पैसे कमी आहेत म्हणून तुझा चित्रकलेचा वर्ग थांबवला, त्याचे मलाही वाईट वाटते,’ एवढे पुरते. कर्जाची सगळी भीती मुलांपुढे ओतण्याचे कारण नाही. जे बोलायला बंदी असते ते मुलाच्या मनातून जात नाही, आणि वर आभार मानायला लावले की मूल खोटे बोलायला शिकते.

यापुढचा टप्पा खरा अवघड आहे आणि आमचे घरही त्यावरच सर्वांत जास्त काळ अडून राहिले होते. घरी शिकवणाऱ्या पालकाला प्रत्येक गोष्टीचा पाठ करण्याची सवय जडते. पावसातून जलचक्र निघते, प्रवासातून नकाशावाचन निघते, मग कृतज्ञतेच्या वहीतून शुद्धलेखन निघायला कितीसा वेळ लागणार? एकदा ऱ्हस्व-दीर्घ सुधारले की मूल ओळखते की हीसुद्धा परीक्षाच आहे, आणि ‘आई, बाबा, घर, पुस्तके’ असे अपेक्षित उत्तर लिहून मोकळे होते. म्हणून ही वही अभ्यासाच्या वेळेत उघडू नये, तपासू नये, मुलाने दाखवल्याशिवाय वाचू नये आणि वर्षाच्या कामाच्या नोंदींत तर मुळीच लावू नये. लहान मुलांनी चित्र काढले किंवा नुसते सांगितले तरी चालते. पालकांनीही आपली वही ठेवावी आणि स्वतः आधी सांगावे, तेही किरकोळ वाटणारे काही: भागाकार अडला असताना थोरल्याने धाकटीला न चिडवता समजावून दिला, असे.

याच टप्प्यावर दोन वाक्ये घरातून हद्दपार करावीत, याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. पहिले म्हणजे ‘तुमच्यासाठी मी नोकरी सोडली.’ होमस्कूलिंगचा निर्णय पालकांचा असतो. त्याचे उपकार मुलांवर चढवले की मूल हप्ता फेडल्यासारखे आभार मानते. दुसरे म्हणजे ‘इतरांकडे तर एवढेही नाही.’ दुसऱ्याचे दुःख दाखवून आलेले समाधान उथळ असते, आणि संवेदनशील मुलाच्या वाट्याला त्यातून फक्त अपराधीपणा येतो.

हे सांभाळले की पुढचे सोपे आहे. प्रत्येक चांगल्या गोष्टीपुढे ‘हे कशामुळे घडले?’ हा प्रश्न ठेवावा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी त्यांच्या कारणांसह लिहायला सांगितल्या होत्या. घरी हे दीर्घकाळ चालवायचे असेल तर आठवड्यातून एकदा आणि एखादी गोष्टही पुरे, परंतु कारण मात्र सोडू नये. ‘पुस्तक वाचून झाले’ या नोंदीमागे ते आणून देणारी मावशी सापडते, आणि ते सुचवणारे ग्रंथपालही. मोठ्या मुलांना कधीतरी उलटा प्रश्न विचारावा: हे घडलेच नसते तर? संशोधक मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील संशोधनात चांगली घटना आयुष्यातून मनाने वजा करून पाहणे हे ती नुसती आठवण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरले होते.

चांगल्या गोष्टीमागे असा जो माणूस सापडेल त्याला महिन्यातून एकदा आभाराची चिठ्ठी लिहावी किंवा फोन करावा.

मृत्यूनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा उपक्रम नव्याने सुरू करू नये, आणि चालू असेल तर फक्त गेलेल्या माणसाच्या आठवणी बोलाव्यात. एखाद्या आठवड्यात मूल ‘मला काही सांगायचे नाही’ म्हणाले तर ते उत्तर मान्य करून पुढच्याकडे वळावे. मुलाची झोप, भूक किंवा खेळण्यातला रस बरेच आठवडे हरवलेला दिसला, तर मात्र वहीवर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटावे.