लारामीत नवीन आलात? बर्फ पडायच्या आत एवढं बघून घ्या

दर ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीत आपली नवी मुलं येतात आणि आठवडा होत नाही तोच कुणीतरी म्हणतं, "काकू, इथे बघण्यासारखं काहीच नाही हो." मला ते मनापासून लागतं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं हे गाव 1868 साली रेल्वे आली तेव्हा वसलं. त्याआधी या माळावर अरापाहो, शायान या मूळनिवासी लोकांचा वावर होता. हा इतिहास अजून पायी फिरून बघता येतो.

पहिला आठवडा मात्र दमानं घ्या. आपलं कळसूबाई 5,400 फूट, तर लारामी जवळपास 7,200. जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका, पाणी भरपूर प्या.

सुरुवात जुन्या तुरुंगापासून करा. वायोमिंग टेरिटोरियल प्रिझन, 1872 सालचा. नामचीन दरोडेखोर बुच कॅसिडी 1894 ते 1896 इथे होता, तोही एका घोड्याच्या प्रकरणात. पुढे कित्येक वर्षं याच इमारतीत युनिव्हर्सिटीची गुरं होती! कोठड्या बघून बहुतेक जण परत फिरतात. तसं करू नका, आवारातल्या झाडूच्या कारखान्यात जा. कैद्यांकडून इथे झाडू बनवून घेत. वाळक्या काड्यांची जुडी दांड्याभोवती धरायची, तार ताणून गुंडाळायची, मग चपटी करून शिवायची. एका वर्षी मी तिथला झाडू आणला आणि लक्ष्मीपूजनाला केरसुणीच्या जागी त्यालाच हळदकुंकू वाहिलं. थंडीत इथल्या वेळा बदलतात, आधी चौकशी करून जा.

पण माझ्या मनाच्या सगळ्यात जवळची जागा गावातच, सेकंड स्ट्रीटवर आहे. वायोमिंगने 10 डिसेंबर 1869 ला बायकांना मताचा हक्क दिला. पुढच्याच मार्चमध्ये याच गावात बायका कोर्टात ज्युरीवर बसल्या. आणि 6 सप्टेंबर 1870 ला सकाळी लुइझा स्वेन नावाच्या आजी, वय 69, यीस्ट आणायला म्हणून घराबाहेर पडल्या आणि वाटेत मत देऊन आल्या. समान मताधिकाराच्या कायद्याखाली सार्वत्रिक निवडणुकीत मत देणारी ही पहिली बाई. सगळ्या अमेरिकेत हा हक्क पोचायला 1920 उजाडलं. सेकंड स्ट्रीटवर त्यांचा पुतळा आहे. आई-सासूबाई भारतातून आल्या की मी त्यांना आधी तिथे नेते. त्या पुतळ्याशेजारी उभ्या राहून फोटो काढतात तेव्हा मला फार भरून येतं.

मुलं बरोबर असतील तर युनिव्हर्सिटीचं भूगर्भशास्त्र संग्रहालय चुकवू नका. दारात तांब्याच्या पत्र्याचा टी-रेक्स, आत अपॅटोसॉरस या डायनोसॉरचा अख्खा सांगाडा. आयव्हिन्सन या बँकवाल्याचा 1892 चा वाडाही आता संग्रहालय आहे. जुन्या घरांची आवड असेल तर तासभर छान जातो. संध्याकाळी रुळांवरच्या पादचारी पुलावर या. खालून मालगाडी गेली की थरथर तळपायांना कळते.

गाडी मिळाली की एम्स स्मारक. आय-80 महामार्गाने चेयेन शहराच्या दिशेला सुमारे 20 मैल, मग थोडा कच्चा रस्ता. 60 फुटी ग्रॅनाइटचा पिरॅमिड, 1882 ला पुरा झाला. रेल्वे उभारणीत पैसा आणि वजन खर्ची घातलेल्या दोन एम्स भावांसाठी तो बांधला. त्यातल्या ओक्सवर याच व्यवहारातल्या घोटाळ्यावरून संसदेने ठपका ठेवला होता, हेही लक्षात असू द्या. तेव्हा रूळ इथून जात, शेजारी शर्मन नावाचं गाव होतं. 1901 च्या सुमारास रूळ दक्षिणेला हलवले आणि गाव उठलं. आज माळावर तो एकटा पिरॅमिड आणि वारा. ऑगस्टातही स्वेटर न्या, आणि उतरताना गाडीचं दार घट्ट धरून उघडा. वारा ते हातातून हिसकून घेतो.