कम्युनिटी फाउंडेशनकडे जाण्याआधी: दानाच्या नियोजनाची तयारी

पहिल्या भेटीची वेळ घेण्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढा आणि गेल्या तीन वर्षांत कुणाला काय दिलं ते एका कागदावर उतरवा. पावत्या, बँकेचं खातं, फोनवरून पाठवलेले पैसे, आणि हातात दिलेली रोख आठवेल तेवढी. प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे मी आपणहून दिलं, की कुणी मागितलं म्हणून? बऱ्याच जणांच्या यादीत दुसरी खूण जास्त निघते. त्यात वाईट काही नाही. भिडेखातर दिलेल्या पैशानेही कुणाची तरी फी भरली जाते. पण आपणहून दिलेल्या ओळी वेगळ्या काढून सलग वाचल्या की मन कुठे ओढ घेतं ते कळतं. हा कागद सोबत न्या. फाउंडेशनमधला अनुभवी माणूस तुमच्या मोठमोठ्या इच्छांपेक्षा या कागदावरून तुम्हाला लवकर ओळखेल.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका ठरावीक भागासाठी काम करणारी सार्वजनिक संस्था. अनेक देणगीदारांचे निधी ती एकत्र गुंतवते, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा ठेवते आणि त्यातून त्या भागातल्या संस्थांना अनुदान देते. पहिलं फाउंडेशन १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला उभं राहिलं. ते स्थापन करणारे फ्रेडरिक गॉफ बँकर होते आणि मृत्युपत्रांनुसार ठेवलेले पैसे सांभाळणं हा त्यांच्या बँकेच्या कामाचाच भाग होता. दात्याने घातलेल्या अटीचं प्रयोजन संपतं, पण अट मात्र कागदावर तशीच राहते, आणि पैसा पडून राहतो. या अडचणीवरचा उपाय म्हणून फाउंडेशनची कल्पना पुढे आली. त्यामुळे तयारीतला सगळ्यात जास्त वेळ हेतूचं एक वाक्य लिहिण्यावर घालवा, असं मी आग्रहाने सांगेन.

हे वाक्य का जपून लिहायचं, त्याची दोन उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराचे एकेकाळचे महापौर ब्रायन मुलनफी १८५१ साली वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेले आणि वाटेत त्या शहरात अडकलेले गरीब प्रवासी त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्यांनी अशा प्रवाशांच्या मदतीसाठी ठेवला. इच्छा मनापासूनची होती आणि त्या काळात गरजही खरी होती. पुढे रेल्वे आली, वस्तीसाठी निघालेल्यांचा लोंढा ओसरला, आणि निधी मात्र त्या प्रवाशांच्याच नावाने बांधलेला राहिला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७९० साली बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुण, विवाहित कारागिरांना त्यातून अल्प व्याजाने कर्ज द्यायचं आणि पैसा दोनशे वर्षं वाढू द्यायचा, अशी योजना होती. पैसा वाढला, पण कारखान्यांच्या काळात उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करण्याची पद्धतच मागे पडली आणि त्या अटींत बसणारे कर्जदार मिळेनासे झाले.

दोघांनीही साधनाचं नाव इतकं नेमकं लिहिलं की हेतू त्यात अडकून पडला. म्हणून तुमच्या वाक्यात कुणासाठी आणि कशासाठी हे ठाम लिहा. कोणत्या मार्गाने हे मोकळं ठेवा. ‘अंध विद्यार्थ्यांना ब्रेल पुस्तकं’ असं लिहिण्यापेक्षा ‘दृष्टिहीन विद्यार्थ्यांना शिकण्याची साधनं’ असं लिहिलं, तर आज पुस्तकं घेता येतील आणि उद्या जे काही निघेल तेही घेता येईल. एखाद्या विशिष्ट संस्थेवरच तुमचा जीव असेल तर तिचं नाव जरूर घाला, पण लगेच पुढची ओळ लिहा: ही संस्था बंद पडली किंवा तिने हे काम सोडलं, तर याच हेतूचं काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यावं. फाउंडेशनच्या करारात सहसा असं कलम असतं की मूळ हेतू अशक्य किंवा निरर्थक झाला तर विश्वस्त मंडळ त्याच्या जवळात जवळच्या हेतूकडे पैसा वळवू शकतं. ते कलम दाखवायला सांगा, शांतपणे वाचा, कोणत्या परिस्थितीत आणि कुणाच्या ठरावाने ते वापरलं जातं हे विचारा. काही देणगीदार या कलमाला बिचकतात. माझं मत उलट आहे: हे कलम आहे म्हणूनच कायमचा निधी ठेवायला धीर येतो.

आता पैशाकडे. आधी स्वतःची बाजू भक्कम करा. आजारपण, म्हातारपण, अवलंबून असलेली माणसं, डोक्यावरचं कर्ज हे सगळं बाजूला काढून जे उरेल तेच टेबलावर ठेवा, कारण एकदा दिलेली देणगी परत मिळत नाही. करारावर सही झाली की पैसा फाउंडेशनचा होतो. दोन वर्षांनी अडचण आली म्हणून मागायला गेलात तर त्यांची कितीही इच्छा असली तरी त्यांना देता येणार नाही. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सहीआधी स्पष्ट सांगा.

काय द्यायचं यावर कागदपत्रं ठरतात. रोख रकमेला फारसं काही लागत नाही. शेअर असतील तर कधी, कितीला घेतले याची नोंद हवी, आणि महत्त्वाचं म्हणजे विचारल्याशिवाय ते विकू नका. विकून पैसे देणं आणि शेअरच देणं यांत अनेक देशांत कराचा मोठा फरक पडतो. जमीन किंवा घर असेल तर मालकीचा कागद, सहमालकांची संमती, त्यावरचं कर्ज, चालू असलेला वाद, सगळं आधीच उघड सांगा. अडचणीची मालमत्ता फाउंडेशन नाकारू शकतं आणि तो त्यांचा शहाणपणा असतो. विम्याच्या पॉलिसीवर लाभार्थी म्हणून फाउंडेशनचं नाव घालता येतं का, हे विमा कंपनीला विचारून घ्या. कराचा सल्ला आपल्या सल्लागाराकडूनच घ्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या भेटीला त्यांनाच सोबत न्या. दोघांमधले निरोप तुम्ही पोचवत बसलात तर काहीतरी निसटतंच.

रक्कम फार मोठी नाही म्हणून संकोच वाटत असेल, तर कॅनडातल्या विनिपेग शहराची गोष्ट ऐका. तिथलं फाउंडेशन १९२१ मध्ये विल्यम अ‍ॅलोवे या बँकरच्या एक लाख डॉलरवर सुरू झालं. त्यानंतर १९२४ मध्ये जी देणगी आली ती एका पाकिटात होती: पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी, आणि देणाऱ्याचं नाव नाही. त्या संस्थेने ही पंधरा डॉलरची देणगी आजवर अभिमानाने सांगितली आहे. स्वतंत्र निधीसाठी बहुतेक ठिकाणी किमान रक्कम ठरलेली असते, ती फोनवरच विचारा. तेवढी नसेल तर आधीच चालू असलेल्या सामायिक निधीत भर घालता येते, किंवा काही वर्षं हप्त्याने जमवून निधी सुरू करता येतो. थेंबे थेंबे तळं साचतं ते इथे अक्षरशः खरं आहे.

निधीचा प्रकार निवडायच्या वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारा: दरवर्षी निर्णय घ्यायला मला आवडेल का? आवडणार नसेल तर सर्वसाधारण निधी उत्तम, त्यात त्या त्या वेळच्या निकडीप्रमाणे मंडळ वाटप करतं. एखादा विषयच जवळचा असेल, समजा पाणी, मानसिक आरोग्य किंवा मुलींचं शिक्षण, तर विषयाला बांधलेला निधी असतो. ठरलेल्या संस्थेसाठी वेगळा, शिष्यवृत्तीसाठी वेगळा. आणि ज्यांना स्वतः सहभागी राहायचं आहे त्यांच्यासाठी सल्ल्याचा निधी; न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली ही पद्धत सुरू झाली. यात कुणाला द्यावं ते तुम्ही सुचवता, पण तो सल्लाच असतो, शेवटचा शब्द मंडळाचा. हे मनाला पटत नसेल तर हा प्रकार घेऊ नका. शिष्यवृत्तीबद्दल एक सांगून ठेवते: विद्यार्थी निवडण्याच्या समितीत आपल्या घरच्यांची बहुसंख्या असावी असा हट्ट धरू नका, बऱ्याच ठिकाणी नियमच आड येतो, आणि निवडीवरचा विश्वासही त्याने कमी होतो.

मग येतं मुद्दलाचं. मुद्दल कायम ठेवून त्यावरच्या उत्पन्नातून दरवर्षी द्यायचं, की ठरावीक वर्षांत सगळं संपवायचं? कायमच्या निधीतून साधारण चार ते पाच टक्के दरवर्षी वाटले जातात, तेही गेल्या काही वर्षांच्या सरासरी किमतीवर, म्हणजे बाजार पडला तरी संस्थांचं अनुदान एकदम कोसळत नाही. गणित स्वतः करून पाहा. शंभराचा निधी आहे. उत्पन्न सहा टक्के, फाउंडेशनचं शुल्क एक टक्का, वाटप चार टक्के, म्हणजे निधी वर्षाला एक टक्का वाढला. महागाई चार टक्के धरली तर २४ वर्षांनी खात्यात १२७ दिसतील, पण त्यांत आजच्या पन्नासाएवढंच काम होईल. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. गेल्या दहा वर्षांचं उत्पन्न, शुल्क आणि वाटपाचा दर हे तीन आकडे एकत्रच का मागायचे, ते यावरून कळावं. एकेकटा आकडा फसवा असतो.

संपवण्याचा मार्गही तितकाच मानाचा आहे. अमेरिकेतले उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१७ मध्ये निधी स्थापला आणि तो कायमचा राहू नये अशीच अट घातली. प्रत्येक पिढीने आपल्या काळाची गरज भागवावी असं ते मानत. १९४८ साली तो निधी संपला, पण तोवर अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा त्याच्या मदतीने उभ्या राहिल्या होत्या. गरज आज तीव्र असेल, उशीर झाला तर एक पिढी हातातून जाणार असेल, तर मुद्दल जपत बसू नये असं मला वाटतं. दोन्हींची सांगड घालता येते का, हेही विचारा: अर्धं कायम, अर्धं दहा वर्षांत.

फाउंडेशनला विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्या. मंडळावर कोण आहे आणि ज्या भागासाठी काम आहे तिथली माणसं त्यात किती? लेखापरीक्षण झालेला ताळेबंद बघायला मिळेल? ज्या संस्थांना देता त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाता का? गेल्या वर्षी एखादा अर्ज नाकारला असेल तर कोणत्या कारणाने? या शेवटच्या प्रश्नाला मोकळं उत्तर मिळालं तर समजा, ही माणसं संस्था नीट तपासतात. स्थानिक गरजांचा अभ्यास केलेला असेल तर तो मागून वाचा. आपल्याला माहीत असलेल्या भागातलीही न दिसलेली एखादी वस्ती, एखादा आजार त्यात सापडतो. आणि फाउंडेशनच बंद झालं तर निधीचं काय, हेही विचारायला लाजू नका.

घरातलं बोलणं बहुतेक जण शेवटी ठेवतात, पण ते पहिल्या भेटीआधीच व्हायला हवं. निधीला आईवडिलांचं नाव द्यायचं ठरलं तर भावंडांना आधी सांगा. छापील पत्रकात वाचून कळलं तर चांगल्या कामातही मनं दुखावतात. गुप्तदान करायचं असेल तर तसं लेखी कळवा. फाउंडेशनला तुमचं नाव माहीत राहतं, पण घेणाऱ्या संस्थेपर्यंत ते जात नाही. तुमच्यामागे सल्ला कोण देणार, एक की दोघं, आणि दोघांचं जमलं नाही तर काय, हे करारात येऊ द्या. मुलांना यात ओढ असेल असं गृहीत धरू नका. त्यांना विचारा, आणि वाटपाची एक छोटी रक्कम एक वर्ष त्यांच्या हातात देऊन बघा.

मृत्युपत्रातून द्यायचं असेल तर फाउंडेशनचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि क्रमांक तंतोतंत लिहा, कारण एकसारख्या नावांच्या संस्था पुष्कळ असतात. ठरावीक रकमेऐवजी मालमत्तेचा टक्का लिहिणं बरं. मालमत्ता कमीजास्त झाली तरी घरच्यांचा आणि दानाचा वाटा त्याच प्रमाणात राहतो. फाउंडेशनला मसुदा आधी दाखवा. त्यांना न पेलणारी अट तुमच्यामागे कळण्यापेक्षा तुमच्या हयातीत कळलेली चांगली.

वाटप सुरू झालं की पहिल्या वर्षी एकदा तरी काम बघायला जा, पण फाउंडेशनला विचारून, संस्थेच्या सोयीच्या दिवशी जा. तुमच्यासाठी वेगळा अहवाल, वेगळे फोटो मागू नका. छोट्या संस्थेत ते काम करणारी व्यक्ती बहुधा तीच असते जी मुलांना शिकवते किंवा रुग्णांना सोबत करते. आणि भाडं, पगार, वीजबिल यांसाठी पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका. इमारतीवर नाव कोरून घ्यायला देणगीदार मिळतात, त्या इमारतीतला दिवा महिनोन्‌महिने चालू ठेवायला मिळत नाहीत.

शेवटचा कागद मनाचा. आपल्याला हेच काम का करावंसं वाटलं, ते एका पानात साध्या भाषेत लिहा: कुणामुळे, काय पाहिलं म्हणून, काय झालेलं बघायला आवडेल. कायद्याने तो बंधनकारक नसतो, पण तुमच्यानंतर निर्णय घेणाऱ्यांना कराराच्या कलमांत जे सापडणार नाही ते यात सापडेल. खाली तारीख घाला, सही करा, एक प्रत फाउंडेशनच्या फाइलला लावायला द्या. दुसरी घरी ठेवा, आणि कोणत्या कप्प्यात ठेवली आहे ते निदान दोघांना सांगून ठेवा.