राणी माशाच्या शेपटीपासून सुरुवात

कोल्हापूरच्या मुलीने मत्स्यविज्ञान निवडले की रंकाळ्याच्या पलीकडे कोणता समुद्र, असा प्रश्न हमखास येतो; तांबड्या-पांढऱ्याच्या गावात समुद्राची मासळी बर्फात बसून घाट चढून येते, त्यामुळे तो अगदीच गैर नाही. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या महाविद्यालयात चार वर्षांच्या बी.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदवीला, गेले, तेव्हा माशांची नावे पाठ करावी लागतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बंदरावर हातात मोजपट्टी आली.

राणी मासा हा तळाशी राहणारा. त्याच्या शेपटीच्या वरच्या पात्याला पिवळसर तंतू असतो आणि तो अनेकदा तुटलेला असतो. मी तंतूसकट लांबी लिहीत गेले, आणि दोन दिवसांच्या नोंदी मार्गदर्शकांनी बाद केल्या. तेव्हा राग आला. परंतु किमान लांबीचा नियम, म्हणजे ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा पकडू नये हा नियम, असल्याच नोंदींवर उभा राहतो, हे पुढे कळले.

तळाच्या मासेमारीचे नियमन समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे उदाहरण आधी वाचावे. तेथे २०११ पासून प्रत्येक ट्रॉलरला, म्हणजे जाळे ओढत मासेमारी करणाऱ्या नौकेला, पकडीचा जातीनिहाय वाटा ठरवून दिलेला आहे; समुद्रात फेकून दिलेली मासळीही त्यातून वजा होते आणि त्यासाठी नौकेवर निरीक्षक किंवा कॅमेरा असतो. खरी मेख दुर्मीळ जातीत आहे. शंभर वर्षांहून अधिक जगू शकणाऱ्या पिवळ्या डोळ्यांच्या खडकमाशाचा वाटा संपला, की इतर जातींचा कितीही शिल्लक असला तरी दुसऱ्याकडून वाटा मिळवल्याशिवाय जाळे टाकता येत नाही. साहजिकच तो मासा असलेल्या जागा नावाडी स्वतःच टाळू लागतात.

आपल्याकडे एकाच ओढीत राणी, ढोमा, शिंगाळा, कोळंबी असे सारेच येते आणि उतरण्याची ठिकाणे असंख्य, म्हणून हा हिशेब जमणे कठीण. येथे भर काळावर आणि जाळ्यावर आहे: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी, आणि ट्रॉल जाळ्याच्या खोल्याला, म्हणजे मासळी साचते त्या शेवटच्या भागाला, ४० मिलिमीटरचे चौकोनी आस (जाळ्याची छिद्रे). शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ओढताना मिटतात, चौकोनी उघडे राहतात आणि पिल्ले निसटतात.

नव्याने येणाऱ्यांनी संख्याशास्त्र टाळू नये. मी टाळले आणि पदव्युत्तर वर्षात ते दुप्पट वेळ देऊन शिकले. बंदरावर मात्र लिलावापूर्वी पोहोचावे, कारण टोपली विकली गेल्यावर तिला कोणी हात लावू देत नाही.