चेनसॉचं इंजिन खोलताय? या चुका टाळा

चेनसॉ जॅम झाली की लोक पिस्टन-सिलिंडरचं किट मागवतात, घाईघाईने बसवतात आणि चार दिवसांत तेच मशीन पुन्हा जॅम करून घेऊन येतात. वर म्हणतात, "किट डुप्लिकेट निघालं." अहो, किटला दोष देण्याआधी जुना पिस्टन कशाने गेला ते बघितलंत का? नवा पिस्टनही त्याच कारणाने जाणार.

जुना पिस्टन फेकू नका, उजेडात धरून बघा. ओरखडे इनटेकच्या (हवा-पेट्रोल आत येतं त्या) बाजूला असतील तर बहुधा एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. सायलेन्सरच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, बाजूला असतील तर पेट्रोलमध्ये ऑइल कमी होतं, नाहीतर इंजिन कुठून तरी जादा हवा ओढत होतं.

असंच एक मशीन माझ्याकडे आलं होतं. लागोपाठ दोन किटं खाऊन झाली होती. मालक म्हणाला, "लीकेज चेक केलंय, प्रेशर धरतंय." प्रेशर खरंच धरत होतं. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करून पंपाने अर्धा बार हवा भरली, मीटरचा काटा जागचा हलला नाही. मग त्याच पंपाने व्हॅक्युम दिला, म्हणजे आतली हवा ओढली, आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) हाताने थोडी इकडेतिकडे फिरवली, तर काटा घसरलाच. फ्लायव्हीलमागच्या (क्रँकवरच्या पात्यांच्या चाकामागच्या) ऑइल सीलची आतली कड कडक होऊन चिरली होती. आतून दाब आला की ती शाफ्टला चिकटून बसायची, ओढ लागली की हवा सोडायची. एका साध्या सीलपायी दोन पिस्टन गेले. म्हणून दोन्ही टेस्ट करा, आणि मशीन पूर्ण जोडायच्या आधी करा. "चालू करून बघू" ही काही टेस्ट नव्हे.

दुसरी डोकेदुखी क्लचची, म्हणजे इंजिनाचा जोर साखळीला देणाऱ्या भागाची. बहुतेक चेनसॉमध्ये क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. क्लचवर बाण कोरलेला असतो, पण तेलकट काळ्या थराखालचा बाण पुसून बघण्याइतका धीर कुणाला? जोर लावून उलट आणखी घट्ट करतात, मग छिन्नी-हातोडी काढतात. क्लच सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून पिस्टन अडवायला फ्लायव्हीलच्या पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालणारेही आहेत. पातं तुटतं आणि फ्लायव्हीलचा बॅलन्स जातो. मी प्लगच्या भोकातून सुताची दोरी आत सोडतो. त्याआधी पिस्टन एवढा वर आणायचा की एक्झॉस्ट पोर्ट झाकलं जाईल, नाहीतर दोरी पोर्टात अडकून कापली जाते. लोखंडी पिस्टन-स्टॉप मिळतो, पण पिस्टनच्या डोक्यावर एका बिंदूवर सगळा जोर आलेला मला बघवत नाही.

गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) जागेवर धरणाऱ्या सर्क्लिपा, म्हणजे तारेच्या छोट्या कड्या, नव्याच वापरा. जुनी "अजून चांगली आहे" असं म्हणू नका. ती चालू इंजिनात सुटली की सिलिंडर गेलाच. बसवताना तिचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको. आणि क्रँककेसच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबा, कारण चिमट्यातून उडालेली सर्क्लिप नेमकी तिथेच जाते.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची टोकं खाचेतल्या छोट्या पिनच्या दोन्ही बाजूंना आली आहेत ना, ते बघूनच सिलिंडर खाली सरकवा.

जुनं पॅकिंग स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. बॉडी बऱ्याचदा मॅग्नेशियमची असते, लगेच ओरखडते. स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा, 'टक्' करून जुन्या आट्यात बसला की मग आवळा. बॅटरी ड्रिलने स्क्रू आवळणाऱ्यांचे आटे गेले तर मला वाईट वाटत नाही.

प्लगला स्पार्क देणारी कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातल्या गॅपसाठी व्हिजिटिंग कार्ड पुरतं, साधारण 0.3 मिलिमीटर.

पहिल्या टाकीला कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त वेगात पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) किंचित ढिला ठेवा, थोडा धूर येऊ दे. कंपनीने 50:1 मिक्स सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, तेही मापाने. "अंदाजे एक झाकण" नको. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं.